खुराड्यातलं सूत

वस्तीवर, मोहोळ
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

दाक्षे,

तिसरं पोतं आलं. पहिल्या पोत्यालाच मी हरिबाच्या तोंडी निरोप धाडला होता, आता बास म्हणून. दुसऱ्याला परत धाडला. हरिबा आठवड्यातनं दोनदा आमची अंडी टेम्पोत घालून सोलापुरात सात रस्त्याला येतो, तो काय मुका न्हाय. मुका असता तर बरं झालं असतं इतका बोलका हाय. आन् निरोप त्यानं दिलाय, मी त्याला खंडोबाची आण घालून विचारलं. तरी तिसरं पोतं! वर चिठ्ठी न्हाय, काय न्हाय. नुसतं तोंड सुतळीनं आवळलेलं, आत मऊ मऊ, लग्नातल्या गादीसारखं.

अगं, कोंबड्यांचं लग्न लावायचंय का मला?

चूक माझी बी हाय, न्हाय म्हणत न्हाय. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत भेटलो तवा मीच रडले. अवकाळीत भुईमुगाची टरफलं भिजली, बुरशी धरली, आता खुराड्यात खाली अंथरायला काय घालू म्हणून. तू म्हणालीस, गोजरे, त्यात काय, आमच्या टॉवेलच्या मागाखाली सुताचा कचरा ढिगानं पडतो, पाठवते की. मी बी हुरळले. पहिलं पोतं हौसेनं पसरलं. अंडी घालायच्या दोन डब्यांत घातलं, जमिनीवर घातलं. चार दिवस कोंबड्या राणीसारख्या बसल्या.

पाचव्या दिवशी पांढरी लंगडायला लागली. धरून बघते तर पायाच्या बोटाला सूत वेढलेलं. दोन्हीकडून मांस फुगलेलं आन् बोट काळं ठिक्कर. सुईनं एकेक पदर उचलून तोडला, तोवर तिनं माझं मनगट सोलून काढलं. बोट गेलंच. मग तांबडीनं खाणं सोडलं. गळ्याखालची पिशवी चाचपली तर चेंडूसारखी टणक. तेल पाजलं, चोळलं, तिसऱ्या दिवशी मेली. कापून बघितलं तर आत सुताचा गोळा. लाल आन् निळा. तुझ्या टॉवेलाची किनार माझ्या कोंबडीच्या नरड्यात!

माझ्याकडं चाळीस कोंबड्या हायत. एकेकीला मी नावानं वळखते. तुझ्यावर रागावू का नको ते सांग. आन् निरोप मिळून बी पोतं का धाडतीस, ते आधी सांग. फोन करू नको, तू 'कामात हाय गं' म्हणून ठेवतीस, आन् मला फोनवर भांडता येत न्हाय, रंगात आलं की रेंज जाते. शनिवारी हरिबाच्या हाती लिहून दे.

गोजरबाई


सोलापूर
शनिवार, ८ फेब्रुवारी

गोजरे,

तुझं पत्र वाचलं. शिवशिवा, तांबडी गेली! माझ्या हातून पाप घडलं.

तुला माहीत आहे, आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा घेत नाहीत. कोंबडी जवळून पाहिली ती लहानपणी तुमच्या दारात, तीही मला टोचायला आली होती. कोंबडीला खाली काय लागतं हे मला काय कळणार? आमच्यात बाळंतिणीच्या खाली जुनं धुतलेलं सुती लुगडं घालतात. मला वाटलं, अंडी घालणारीही बाळंतीणच, तिलाही मऊच हवं असेल.

लांब धाग्याचा त्रास होतो हे कळल्यावर ह्यांनी स्वतः बसून या वेळचं सूत कापून बारीक केलंय. आता पायात गुंतणार नाही. रागावू नकोस, हे वापरून बघ. इकडे सगळं ठीक आहे. माग जोरात चालू आहेत, म्हणून तर कचरा एवढा निघतो.

आणि ऐक, हसशील. हे विचारत होते, कोंबड्या पांढऱ्या सुतावर जास्त बसतात की रंगीत? तसं कळव म्हणाले.

तुझी,
दाक्षायणी


वस्तीवर
मंगळवार, ११ फेब्रुवारी

दाक्षे,

सातवीपर्यंत शिकलीस ना गं तू? मी चौथीत शाळा सोडली, तरी मला कळतं की लांब सूत पायात गुंततं आन् बारीक सूत पोटात जातं. पायाचं बोट गेलं तर कोंबडी जगते. पोटात गोळा झाला तर मरते. म्हणजे अण्णांनी मेहनत करून पहिल्यापेक्षा वाईट केलं! पिल्लं तर दिसेल ते टिपतात, त्यांना ते किडे वाटतील. एक मूठ बी मी आत टाकलेली न्हाय.

आता कान देऊन वाच, परत लिहिणार न्हाय. कोंबडीला गादी नको. कोंबडीला कोरडं पाहिजे. ती रात्रंदिवस हगते, त्या हगण्यातलं पाणी ज्यानं पिऊन घ्यावं आन् वाऱ्यानं परत सोडून द्यावं, ते अंथरूण. तुझं सूत पाणी पितं आन् धरून बसतं. खाली लगदा होतो, वरनं बघायला पांढरं. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की डोळ्यातनं पाणी येतं असा वास. माझ्या डोळ्यातनं येतं, तर जमिनीपासनं वीतभर उंचीवर जी जन्मभर नाक घेऊन फिरते तिचं काय होत असेल?

मी सगळं करून बघितलंय. माझ्या पोरानं, इंद्रजीतनं, चिंचोळी एमआयडीसीतनं लाकडाचा भुस्सा आणला, तितं खोकी बनवतात. पिठासारखा बारीक, वर औषधाचा वास. सगळं खुराडं शिंकत होतं. वाळू उन्हाळ्यात चांगली, थंडीत पाय गारठतात. कडबा तसाच टाकला तर त्याचं धांडं अंड्याला टोचतं. जमिनीवर घालायला भुईमुगाच्या टरफलासारखं काय न्हाय, पण खडखडीत वाळलेलं, खाली चुन्याची चिमूट, आन् दिवसाआड दाताळ्यानं उलथायचं. अंडी घालायच्या डब्यात उसाचं पाचट, बारीक कापलेलं, खाली कडूलिंबाचा पाला, म्हणजे पिसवा होत न्हाईत. आमच्या हितं पाचट रानोमाळ पडलंय, पण कापणार कोण? कुट्टीच्या मशिनीत घातलं तर निम्मं पीठ, निम्म्या सुया. विळ्यानं कापायला बसले तर जवारीची काढणी कोण करील?

आन् डबे तरी कुटं हायत. तेलाचे दोन पत्र्याचे डबे आन् चाळीस जणी. नळावर व्हावीत तशी भांडणं. अंडी फुटतात. एक मेली फुटलेलं अंडं खायला शिकलीय, तिला मी सरपंचीण म्हणते.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती बी लिहिते. मी मूठभर सूत हातावर घेऊन बघितलं. प्रत्येक तुकडा चार बोटं. एक बी जास्त न्हाय, एक बी कमी न्हाय. पोतंभर! माग जोरात चालू असताना मालकाला असं बसून कापायला वेळ कुटनं मिळतो गं? आन् ते सूत नवंकोरं कसं? मागाखालचा कचरा तेलकट, काळा असतो, मी बघितलाय.

आता पोतं आलं तर मी परत धाडणार. आधीच सांगते.

गोजरबाई

कोंबड्या कुठल्याच रंगावर बसत न्हाईत, सांग अण्णांना.


सोलापूर
शनिवार, १५ फेब्रुवारी

गोजरे,

हे पोतं शेवटचं. वापरू नकोस. जाळ, पुरून टाक, उकिरड्यावर टाक, काहीही कर. पण परत पाठवू नकोस. शाळेत तू माझी पाटी फोडलीस तेव्हा मी गुरुजींना नाव सांगितलं नव्हतं, त्याची आठवण ठेव आणि एवढं ऐक.

कारण विचारू नकोस. शेडमध्ये ठेवायला जागा नाही, एवढंच.

दाक्षायणी


वस्तीवर
मंगळवार, १८ फेब्रुवारी

दाक्षे,

पाटी फोडली ती चाळीस वर्षांपूर्वी. तिची परतफेड मी तुला त्याच वर्षी दोन पेरू देऊन केलीय.

पोतं हरिबाच्या टेम्पोत चढवलं. हे पत्र तुझ्या हातात येईल तवा पोतं बी दारात असेल. जागा न्हाय म्हणून माझ्या दारात कचरा? मी काय सोलापूरचा उकिरडा हाय? तुमच्यात अंड्याचा विटाळ, आन् तुमचा कचरा मातर कोंबडीवालीच्या गळ्यात!

पोत्याच्या तळाशी हाताला काय लागलं ते तुला ठाऊक हाय का? धोटा. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. तो मी परत धाडलेला न्हाय. मागावर इकडनं तिकडं पळतो तो धोटा, त्याच्याबिगर टॉवेल विणत न्हाय, हे मला बी कळतं. चालू मागाचा धोटा कचऱ्यात कसा येतो?

शनिवारी उत्तर दे.

गोजरबाई


वस्तीवर
शनिवार, २२ फेब्रुवारी

दाक्षे,

मंगळवारी संध्याकाळी हरिबा आला. नेहमी गाडीतनं उतरायच्या आधी बडबड सुरू होते. त्या दिवशी ट्रे उतरवले, पाणी प्याला आन् बसून राहिला.

मी म्हणलं, "पोतं दिलंस का?"

म्हणाला, "दिलं."

"दाक्षीच्या हातात?"

"न्हाय. वैनी घरात नव्हत्या. अण्णा शेडच्या पायरीवर बसले होते. हातात कात्री. पोतं बघून उभे राहिले."

"मग?"

"माझ्या हातनं घेतलं. तोंड सोडून आत बघितलं. म्हणाले, हरिबा, कोंबड्यांना आवडलं न्हाय का रं?"

हरिबा म्हणाला, "काकी, मी तोंड फिरवलं. शेडचं दार उघडं होतं. आत एक बी माग न्हाय. नुसते जमिनीवर बोल्टांचे खड्डे. भिंतीकडंला सूत गुंडाळायच्या कांड्यांची लाकडी खोकी रचून ठेवलेली, आन् मधी सुताचा ढीग आन् एक पाट."

दाक्षे, माग गेले कवा? गड्ड्यात माझ्याबरोबर भाकरी-चटणी खाताना गेलेले होते का? अण्णा का आले न्हाईत म्हणलं तर 'माल भरायचाय' म्हणालीस. चांगलं हसत म्हणालीस! आन् मी हितं तुला शिव्या घालत बसले, कचरा धाडती, कचरा धाडती. तू मला त्या माणसाच्या पायरीवर पोतं टाकायला लावलंस. सांगितलं असतंस तर मी ते पोतं उशाला घेऊन झोपले असते!

मला राग हाय. पोत्याचा न्हाय. चाळीस वर्षांची मैत्रीण, आन् मला हरिबाकडनं कळतं?

खरं काय ते लिही. सगळं. मंगळवारी.

गोजरबाई


सोलापूर
मंगळवार, २५ फेब्रुवारी

गोजरे,

माग दिवाळीनंतर लगेच गेले. सहा माग, भंगाराच्या टेम्पोतून. मी पोरीलासुद्धा आधी सांगितलं नाही. ह्यांनी कुणाला सांगू नको म्हटलं नव्हतं. काहीच म्हटलं नव्हतं, तेच तर. माग बंद झाल्यापासून बोलणंच बंद. सकाळी सवयीनं उठायचे, शेडमध्ये जायचे आणि रिकाम्या जागेत उभे राहायचे. कान लावल्यासारखे. आमच्याकडे तीस वर्षं तो खडखडाट होता गं, आम्ही घरात ओरडूनच बोलायचो. आता चमचा पडला तरी दचकतात. फोन मी ठेवून देते तो त्यामुळेच. एका खोलीत काय बोलणार?

गड्ड्याहून आल्यावर मी सहज म्हटलं, गोजरीच्या कोंबड्यांना खाली घालायला काही नाही. तर हे दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "सूत आहे की." मागाच्या बीमवर, कोनवर गुंडाळलेलं उरलेलं सगळं चांगलं सूत उतरवायला बसले. पोतं भरलं, खांद्यावर घेऊन स्वतः सात रस्त्याला हरिबाकडे देऊन आले. येताना दाढी करून आले.

मग तुझा निरोप आला. मी सांगितलाच नाही त्यांना. दुसराही नाही. तांबडी मेली तेव्हा एवढंच सांगितलं की धागा लांब पडतोय. तर कात्री घेऊन बसले. चार बोटं तुझ्या ध्यानात आली? दिवसभर बोटं लावून मोजायचे.

धोटा चुकून आला नाही. त्यांनीच घातला. "घरात नको," म्हणाले.

तुझी कोंबडी मेली आणि मी गप्प राहिले. जाणूनबुजून राहिले. एकीकडे तुझ्या कोंबड्या होत्या, एकीकडे हे होते. मला जे करायचं ते मी केलं. तू काय शिव्या द्यायच्या त्या दे.

पोतं परत आल्यापासून कात्री खिळ्याला टांगलेली आहे. पाट भिंतीला उभा केलाय. उद्या महाशिवरात्र. सिद्धेश्वराला चला म्हटलं, तर मान हलवली, हो की नाही तेही कळलं नाही.

दाक्षायणी


वस्तीवर
शनिवार, १ मार्च

दाक्षे,

शिव्या लई हायत, पण त्या लिहिण्यात शाई घालवणार न्हाय. समोर आलीस की देईन. एक मातर आत्ताच देते. तू मूर्ख हायस. पहिलं पोतं धाडलंस त्याच दिवशी तू मला खरं सांगितलं असतंस, तर मी तुझं पोतं दर आठवड्याला घेतलं असतं, गोठ्यात रचून ठेवलं असतं आन् अण्णांना कळवलं असतं की कोंबड्या नाचतायत. तुझ्यासारखं मला बी खोटं बोलता येतं. माझी पांढरी तीन बोटांवर चालली नसती.

पण आता खोटं बोलायचं न्हाय. अण्णांना हे पत्र वाचून दाखव. तू वाच, मोठ्यानं वाच, तुमचं घर ओरडून बोलायचंच हाय.

अण्णा, गोजरबाईचा नमस्कार. कोंबड्यांना सूत आवडलं न्हाय. एक मेली, एक लंगडी झाली. दाक्षीनं तुमच्यापासनं लपवलं, ती तिची चूक. न विचारता पसरलं, ती माझी चूक. जनावराचं अंथरूण माणसाच्या अंगावरनं ठरवलं, ती तुमची चूक. फिटलं.

पण सूत वाईट होतं, कापणी वाईट नव्हती. चार बोटं, पोतंभर, एक बी तुकडा हुकलेला न्हाय. मी आयुष्यात असं पाचट कापलेलं बघितलं न्हाय, मशिनीतनं बी न्हाय आन् हातनं बी न्हाय. म्हणून हरिबाबरोबर उसाच्या पाचटाची तीन पोती धाडलीत. वाळलेलं हाय, मी दोन दिवस उन्हात घातलंय. चारच बोटं कापायचं. पानाला धार असते, हाताला फडकं बांधा, सुतासारखं समजू नका. मधलं जाड धांडं बाजूला काढायचं, ते अंड्याला टोचतं. हात लावायला विटाळ न्हाय, कोंबडीला ते अजून शिवलेलं न्हाय.

दुसरं. शेडमधी भिंतीकडंला कांड्यांची खोकी हायत म्हणे. त्यातली बारा मला पाहिजेत, अंडी घालायला. फूटभर रुंद, फूटभर उंच, समोर चार बोटांची पट्टी ठोकायची, म्हणजे पाचट बाहेर सांडत न्हाय. मोहोळचा सुतार मला दिवाळीपासनं उद्या येतो म्हणतोय. खोकी उगंच धाडू नका. ती भिंतीला कुठल्या उंचीवर लावायची ते हितं येऊन बघावं लागतं, कोंबड्या लई नखऱ्याच्या हायत. सरपंचीण तर तुमची परीक्षाच घेईल.

तुमचं जेवण वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात होईल. अंडं डोळ्याला पडणार न्हाय असं म्हणत न्हाय. पडेल. चाळीस जणी हायत.

तिसरं आन् शेवटचं. धोटा माझ्याकडं हाय. गेल्या शनिवारी काळी खुडूक झाली, तिला अकरा अंड्यांवर बसवलं. आमच्यात अंड्यांबरोबर टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात, ढग गडगडला तर अंडी नासू नयेत म्हणून. इंद्रजीत हसतो मला, हसू दे. दर वेळी मी विळ्याचं मोडकं पातं ठेवते. या वेळी धोटा ठेवलाय, त्याच्या टोकांना लोखंड हाय. काळी त्याच्यावर पोट टेकून बसलीय, उठवली तर माझ्या अंगावर येते. एकवीस दिवस तो तिथनं हलणार न्हाय. पंधरा मार्चला पिल्लं निघतील. तवा तो धोटा ज्याचा हाय त्यानं येऊन टोपलीतनं स्वतःच्या हातानं उचलायचा. मी देणार न्हाय. हरिबाबरोबर धाडणार न्हाय. 'घरात नको' म्हणून माझ्या घरात टाकलाय ना? मग माझ्या घराचा कायदा चालेल.

दाक्षे, आता तू ऐक. येत्या मंगळवारी, चार तारखेला, हरिबा सात रस्त्याला नेहमीच्या जागी उभा असेल. कापलेल्या पाचटाचं पहिलं पोतं आन् उत्तर, दोन्ही पाहिजे. येणार का न्हाय. तुझी चिठ्ठी चालणार न्हाय, तुझा निरोप बी चालणार न्हाय, तुझ्या निरोपांवरचा माझा विश्वास उडालाय. पोतं अण्णांनी खांद्यावरनं आणायचं, आन् हरिबाला तोंडानं सांगायचं, व्हय का न्हाय. मी हरिबाला सांगून ठेवलंय, अण्णांच्या तोंडनं शब्द ऐकल्याबिगर गाडी हलवायची न्हाय, मग मागं कितीबी हॉर्न वाजू देत.

मंगळवारी. लक्षात ठेव.

गोजरबाई